65 युरोचे 150 कसे झाले

बँकेतली शेवटची अकरा वर्षं मी दक्षता विभागात काढली. कुणीतरी कुणाला तरी गंडवलेलं असायचं. ते नेमकं कसं गंडवलं, कोणत्या पायरीवर कुणी काय बघायला हवं होतं आणि बघितलं नाही, याचं टिपण तयार करणं हे माझं काम. निवृत्तीनंतर असं एक टिपण लिहावं लागेल आणि त्यात ‘फसलेला इसम’ या रकान्यात माझंच नाव येईल, हे काही डोक्यात नव्हतं. दाजी म्हणाले, “रीतसर लिहा एकदा. मनातून जाईल.” मनातून गेलेलं नाही, पण लिहून झालं आहे.

प्रसंग

जून 2025, पॅरिस, शार्ल द गोल विमानतळ. मुंबईहून रात्रभराचा प्रवास करून आम्ही सकाळी साडेसहाच्या सुमाराला उतरलो. मंडळी पाच: मी, आमची ही, माझी थोरली बहीण (वय 71, दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया झालेली), दाजी आणि आमचे चिरंजीव. मोठ्या बॅगा पाच, लहान तीन. ताईच्या एका बॅगेत निव्वळ खाणं होतं. भडंग, मेतकूट, चकल्या आणि ‘तिकडे काय मिळेल सांगता येत नाही’ म्हणून घेतलेलं एक किलो थालीपिठाचं भाजणीचं पीठ.

हॉटेल पंधराव्या विभागात होतं. पॅरिसचे असे वीस विभाग आहेत. तिथे त्यांना आरोंदिसमां म्हणतात.

तयारीत आम्ही कुठे कमी पडलो नव्हतो, ही यातली मुख्य गंमत. चिरंजीवांनी पुण्यातच एक्सेलची शीट केली होती. विमानतळावरून शहरात जाणाऱ्या लोकल गाडीचं तिकीट माणशी 13 युरो, म्हणजे पाच जणांचे 65. टॅक्सीचं सरकारने ठरवून दिलेलं भाडं आमच्या हॉटेलच्या भागासाठी 65. “रेल्वे 65, टॅक्सी 65. मग आत्याला जिने कशाला चढायला लावायचे?” हा प्रश्न बिनतोड होता. त्या क्षणापासून 65 हा आकडा आम्हा पाचही जणांच्या डोक्यात घट्ट बसला. पुढे जे झालं ते या आकड्यामुळेच झालं.

सामान घेऊन बाहेरच्या दालनात आलो तेव्हा ताई व्हीलचेअरवर होती आणि मी ‘टॅक्सी’ अशी पाटी शोधत होतो. तेवढ्यात एक गृहस्थ समोर आला. चाळिशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात निळ्या फितीचं ओळखपत्र, हातात टॅब्लेट. त्याने आधी ताईला वाकून “नमस्ते, मादाम” केलं. मग माझ्याकडे वळून, बोटांनी आम्हाला मोजून, इंग्रजीत म्हणाला, “पाच जण? टॅक्सीत चारच बसतात. तुम्हाला व्हॅन लागेल. या माझ्याबरोबर.” आणि त्याने ट्रॉलीचा दांडा हातात घेतला.

इथे एक गोष्ट कबूल करतो. डोक्यावरच्या स्पीकरवरून त्याच वेळी घोषणा चालू होती. टर्मिनलमध्ये येऊन गाडी हवी का विचारणाऱ्यांबरोबर जाऊ नका, टॅक्सीच्या अधिकृत थांब्यावरच जा, अशा अर्थाची. मी ती ऐकली. पुणे स्टेशनवर ‘यात्रीगण कृपया ध्यान दें’ जसं ऐकतो, तशी ऐकली.

लिफ्टने पार्किंगमध्ये. राखाडी रंगाची ऐसपैस व्हॅन, चामड्याच्या सीटा, प्रत्येक सीटपाशी पाण्याची छोटी बाटली. टपावर दिवा नाही, आत मीटर नाही. मी विचारलं, “मीटर?” तो हसला. “फिक्स प्राइस, मस्यू. सरकारी.” आणि त्याने प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेलं एक छापील कार्ड दाखवलं. त्यावर सेन नदीचा डावा काठ (आमचं हॉटेल त्याच बाजूला), 65 युरो.

माझ्या कागदावर 65, त्याच्या कागदावर 65. बँकेच्या भाषेत टॅली झालं. मी बसलो.

वाटेत माणूस मोठा लाघवी. स्टेडियम दाखवलं, ट्रॅफिकला शिव्या घातल्या, दाजींना क्रिकेटबद्दल विचारलं. पन्नास मिनिटांत हॉटेलच्या दारात. गल्ली अरुंद, त्याने व्हॅन रस्त्यातच उभी केली आणि मागच्या गाड्यांचे हॉर्न सुरू झाले. सामानाची डिकी अजून बंद होती. तो माझ्या खिडकीशी आला आणि टॅब्लेटवर हिशेब मांडून दाखवला. चार माणसांपर्यंत 65. पाचवा म्हणजे दुसरं भाडं, आणखी 65. आठ बॅगा, प्रत्येकी 5. एकूण 170.

मी कार्ड काढलं. मशीन चालत नव्हतं. मागून हॉर्न. ताईला बाथरूमला जायचं होतं. चिरंजीव म्हणत होते, “बाबा, हे बरोबर नाहीये,” आणि मी त्याला गप्प बसवत होतो, कारण मला माझी घासाघीस सुचत होती. 170 चे मी 150 केले. पन्नासच्या तीन नोटा. त्यावर मी मनातल्या मनात खूशही झालो. वीस युरो वाचवले! पावती तो ईमेलने पाठवणार होता. ईमेल पत्ता त्याने विचारलाच नाही आणि मीही दिला नाही.

नियम काय होता

त्या दिवशी जे भाडं व्हायला हवं होतं ते असं: 65 आणि पाचव्या माणसाचे 5.50. एकूण 70 युरो 50 सेंट. सामानाला काही नाही. म्हणजे 79.50 जास्तीचे गेले, रुपयांत त्या वेळच्या दराने पावणेआठ हजारांच्या आसपास.

आता त्या 65 ची गोष्ट, कारण आकडा खरा होता. पॅरिसच्या दोन्ही विमानतळांवरून शहरात येणाऱ्या टॅक्सीचं भाडं 1 मार्च 2016 पासून बांधून दिलेलं आहे. रात्र असो, रविवार असो, महामार्ग तुंबलेला असो, आकडा तोच. सुरुवातीला शार्ल द गोलहून सेनच्या उजव्या काठाला 50 आणि डाव्याला 55 होता. आम्ही गेलो तेव्हा 56 आणि 65 होता. दर अधूनमधून वाढतात, त्यामुळे जाण्याच्या आदल्या आठवड्यात पाहून घ्यावेत.

काठाचं गणित पुणेकराला पटकन कळतं. मुठेच्या एका अंगाला पेठा, दुसऱ्या अंगाला डेक्कन, तसंच. सेन शहराच्या मधून वाहते, तिच्या उत्तरेचा तो उजवा काठ, दक्षिणेचा तो डावा. शार्ल द गोल ईशान्येला आहे, म्हणून डाव्या काठाला जायचं तर शहर ओलांडावं लागतं आणि भाडं जास्त. ओर्ली विमानतळ दक्षिणेला आहे, तिथे सगळं उलट: आम्ही गेलो तेव्हा डाव्याला 36, उजव्याला 45. आपलं हॉटेल कुठल्या काठाला, हे पिनकोडवरून कळतं. पॅरिसचा पिन 75 ने सुरू होतो आणि शेवटचे दोन आकडे विभागाचे. 75015 म्हणजे पंधरावा. पाच, सहा, सात, तेरा, चौदा आणि पंधरा हे डाव्या काठाचे, बाकी सगळे उजव्या. आयफेल टॉवर डावीकडे, लूव्र संग्रहालय उजवीकडे.

हे भाडं फक्त टॅक्सीला लागू आहे आणि टॅक्सी कशाला म्हणायचं हेही तिथे पक्कं ठरलेलं आहे. टपावर ‘टॅक्सी पारीझियँ’ असा दिवा, हिरवा असेल तर रिकामी, लाल असेल तर भरलेली. आत मीटर. कार्डाचं मशीन सक्तीचं. पावती छापणारं यंत्र. परवान्याच्या क्रमांकाची पट्टी. यांतलं काहीच नसलेली, पण प्रवासी नेणारी दुसरी एक कायदेशीर जात आहे, तिला तिकडे ‘वेतेसे’ म्हणतात. ॲपवरून बोलावतो त्या गाड्या याच जातीतल्या. पण त्यांना आधी आरक्षण झाल्याशिवाय माणूस घेता येत नाही. रस्त्यावर किंवा टर्मिनलमध्ये उभं राहून गिऱ्हाईक गाठायचा अधिकार त्यांना नाहीच. 2014 च्या कायद्याने ही रेघ जास्त ठळक केली. म्हणजे आमचा पांढरा शर्ट टॅक्सीवाला नव्हता आणि कायदेशीर वेतेसेवाला म्हणूनही तिथे उभा नव्हता. अशा बेकायदा धंद्याला एक वर्षापर्यंत कैद आणि 15,000 युरोपर्यंत दंड आहे.

कैद कागदावरच राहते असंही नाही. 2018 मध्ये एका थाई जोडप्याकडून याच विमानतळावरून शहरात आणल्याचे 247 युरो मागणारा बनावट टॅक्सीवाला पकडला गेला आणि पुढे त्याला आठ महिन्यांची शिक्षा झाली. त्या जोडप्याने गाडीत बसल्या बसल्या मोबाइलवर सगळं चित्रित केलं होतं, तेच पुरावा म्हणून उभं राहिलं. आमच्याकडे काय होतं? मला त्याच्या पाण्याच्या बाटलीचा ब्रँड आजही आठवतो. गाडीचा नंबर आठवत नाही.

तपासणी

दक्षता विभागात एक गोष्ट आम्ही नव्या अधिकाऱ्यांना सांगायचो. बनावट कागद शोधू नका, खरा कागद चुकीच्या जागी कुठे लागलाय ते शोधा. माझ्या प्रकरणात तेच होतं. तो खोटं बोलला असता तर मी पकडलं असतं. त्याने “डावा काठ, 120” म्हटलं असतं तर मी तिथूनच परत फिरलो असतो. तो खरं बोलला. साध्या टॅक्सीत चारच बसतात, खरं. पाच जणांना मोठी गाडी लागते, खरं. सरकारी भाडं 65, खरं. फक्त अधिकृत रांगेतही मोठ्या गाड्या येतात आणि तिथल्या माणसाला “पाच जण” सांगितलं की तो पुढची मोठी टॅक्सी लावून देतो, एवढं एक वाक्य त्याने गाळलं. आम्हालाही ते माहीत नव्हतं. आकडा पाठ होता, आकड्याभोवतीच्या अटी पाठ नव्हत्या.

दुसरी चूक ट्रॉलीची. सामान त्याच्या हातात गेलं तिथेच निम्मा व्यवहार झाला. आपण सामानाच्या मागे चालतो आणि आपल्याला वाटतं की आपण निर्णय घेऊन चाललोय. हॉटेलच्या दारातही तेच झालं. बॅगा डिकीत, डिकी बंद, आणि आम्ही बाहेर उभे. भाडं देण्याआधी सामान खाली उतरवून घ्यायचं, हे आपण लक्ष्मी रोडवर रिक्षातून उतरताना सहज करतो. परदेशात पाय ठेवला की हे सगळं शहाणपण कुठे जातं कोण जाणे.

त्या वेळी काय करता आलं असतं, याचा विचार मी हॉटेलच्या खोलीत छताकडे बघत बराच केला. दार दहा पावलांवर होतं. “पैसे रिसेप्शनवर देतो, चला आत,” एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. काउंटरवरच्या बाईंना मी नंतर सांगितलं तर त्या म्हणाल्या, असं म्हटलं की हे लोक बहुतेक वेळा आत येतच नाहीत. फारच ताणलं असतं तर पोलिसांचा नंबर 17 आहे. पण मागून सहा गाड्या हॉर्न वाजवत असताना मराठी मध्यमवर्गीय माणूस पोलिसांना फोन करत नाही. ‘आपल्यामुळे लोकांचा खोळंबा’ ही भीती त्याच्या हाडात असते, आणि ती त्या माणसाने ओळखली होती. गल्लीत गाडी आडवी लावणं हासुद्धा त्याच्या कार्यपद्धतीचाच भाग असावा, असं माझं मत झालं आहे.

तक्रारीचं म्हणाल तर पॅरिसच्या टॅक्सी पोलीस खात्याच्या अखत्यारीत येतात. 25 युरो किंवा त्याहून जास्त भाडं झालं की पावती द्यावीच लागते आणि तक्रार कुठे पाठवायची तो पत्ता त्या पावतीवरच छापलेला असतो. व्यवस्था उत्तम आहे. पावती नसेल तर मात्र पत्ताही नाही.

मधले दिवस

ताईला मेट्रो झेपणारी नव्हती. पॅरिसची मेट्रो जुनी, जिने अंतहीन, आणि सगळ्या स्थानकांवर लिफ्ट असलेली मार्गिका म्हणजे चौदा नंबरची. मग असं ठरलं की ताई, दाजी आणि आळीपाळीने आमच्यातलं एक जण टॅक्सीने, बाकीचे मेट्रोने. तिघांपेक्षा जास्त जण टॅक्सीत कधीच नव्हते. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

दुधाने तोंड पोळल्यावर आम्ही ताकच काय, पाणीही फुंकून प्यायला लागलो. हॉटेलपासून आयफेल टॉवरपर्यंतच्या पहिल्या फेरीत मीटर सातच्या आत होता आणि चालकाने आठ मागितले. दाजींनी बसल्या जागी उपोषणाचा पवित्रा घेतला. नंतर कळलं, फेरी कितीही लहान असली तरी किमान भाडं 8 युरो होतं. दुपारी ज्या रस्त्याने गेलो त्याच रस्त्याने संध्याकाळी परत आलो तर मीटर जास्त पळाला. तेही नियमातच होतं. शहराच्या आत सोमवार ते शनिवार सकाळी दहा ते संध्याकाळी पाच ‘ए’ दर, त्यानंतर ‘बी’. रविवारी दिवसभर ‘बी’, आणि शनिवारी मध्यरात्र उलटल्यापासून रविवारी सकाळी सातपर्यंत सगळ्यात महाग ‘सी’. कोणता दर चालू आहे ते टपावरच्या छोट्या दिव्याच्या रंगावरूनही कळतं. आपल्याकडे रात्री बारानंतर रिक्षावाला ‘हाफ रिटर्न’ म्हणतो, त्याचं हे सरकारी छापाचं रूप.

एकदा हिने भर पावसात हिरव्या दिव्याच्या टॅक्सीला हात केला. तो बघून न बघितल्यासारखा निघून गेला. हिचं मत, आपण भारतीय म्हणून. मलाही तसंच वाटलं. पण पन्नास मीटरच्या आत टॅक्सीचा थांबा असेल तर रस्त्यात हात करणाऱ्याला घ्यायला चालक बांधील नसतो, आणि थांबा कोपऱ्यावरच होता. निळी पाटी, त्यावर ‘टॅक्सी’. आम्ही तिच्या खालून चालत आलो होतो.

गार द्यु नॉर स्टेशनमागच्या ला शापेल भागात श्रीलंकन तमिळ लोकांची वस्ती आहे. तिथे एका संध्याकाळी ताईला डोसा मिळाला आणि तिची कळी खुलली. परतताना स्टेशनच्या दारात पुन्हा तसाच एक पांढरा शर्ट भेटला. “टॅक्सी, मादाम? रांग खूप मोठी आहे.” रांग खरंच मोठी होती. ताईने मराठीतून त्याला जे सांगितलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. पंचवीस मिनिटं रांगेत उभे राहिलो आणि हिरव्या दिव्याच्या टॅक्सीने आलो.

दाजी इतिहासाचे शिक्षक होते, म्हणून एक सकाळ अँव्हालिदच्या लष्करी संग्रहालयात गेली. तिथे एक टॅक्सी ठेवलेली आहे. रेनो कंपनीची, उघडी, मोठ्या चाकांची, जुन्या टांग्याला इंजिन बसवल्यासारखी दिसणारी. सप्टेंबर 1914 मध्ये जर्मन फौजा पॅरिसच्या जवळ येऊन ठेपल्या तेव्हा जनरल गालिएनी यांनी शहरातल्या टॅक्सी ताब्यात घेतल्या आणि मार्न नदीच्या आघाडीकडे सैनिक धाडले. सुमारे सहाशे गाड्या, याच अँव्हालिदच्या मैदानात रांगेने उभ्या केलेल्या. लढाईवर एवढ्या सैनिकांनी फार फरक पडला नाही असं अभ्यासक म्हणतात, पण फ्रेंच मनात ती रांग अजून उभी आहे. आम्हाला भावली ती वेगळीच गोष्ट: त्या रात्री मीटर चालू होते. नंतर मीटरच्या 27 टक्के दराने हिशेब झाला आणि सरकारी तिजोरीतून 70,012 फ्रँक चुकते केले गेले.

“युद्धावर जातानासुद्धा मीटर डाऊन,” दाजी म्हणाले. मग त्या मीटरच्या तांब्या-पितळेच्या डब्याकडे बराच वेळ बघत उभे राहिले. “आणि आपण बिनमीटरचं बसलो.”

परतीचा दिवस

खरं प्रकरण इथे पूर्ण होतं. पहिल्या दिवशी मी फसलो, पण शेवटच्या दिवशी जे वागलो त्याची मला जास्त लाज वाटते.

परतीसाठी हॉटेलच्या काउंटरवरून आदल्या संध्याकाळी मोठी टॅक्सी सांगून ठेवली. सकाळी बरोबर वेळेला आली. टपावर दिवा, आत मीटर, सगळं जिथल्या तिथे. चालक साठीचा, पांढऱ्या मिश्या, चेहऱ्यावर हसू नाही. आमच्यापैकी कुणी त्याला ‘बोंजूर’ म्हटलं नाही. फ्रान्समध्ये दुकानात, बसमध्ये, टॅक्सीत पहिला शब्द तो लागतो, आणि आठवडाभर आम्ही तो इमानदारीने म्हणत होतो. त्या दिवशी मात्र आम्ही प्रवासी नव्हतो, तपास अधिकारी होतो. पाण्याच्या बाटल्या नव्हत्या, क्रिकेट नव्हतं, स्टेडियम आलं आणि गेलं, तो एक शब्द बोलला नाही. दाजी माझ्या कानाशी म्हणाले, “हा माणूस मला बरोबर वाटत नाही.”

विमानतळावर त्याने आधी उतरून सगळ्या बॅगा ट्रॉलीवर लावल्या. आठच्या आठ. ताईला हात देऊन उतरवलं. मग मशीनवर आकडा दाखवला. 77.50.

दाजींचा आवाज टर्मिनलच्या काचेपर्यंत गेला असेल. “सिक्स्टी फाइव्ह! फिक्स! गव्हर्न्मेंट!” मी पहिल्या दिवशी जे बोलायला हवं होतं ते सगळं त्या दिवशी बोललो. बॅगेचे पैसे लावलेत का, विचारलं. फसवताय, म्हटलं. दाजी ‘पोलीस’ हा शब्दही बोलले, तो फ्रेंचमध्येही तसाच आहे. मागे दोन टॅक्सी येऊन थांबल्या, त्यांचे हॉर्न वाजले, आणि या वेळी मला खोळंब्याची अजिबात फिकीर नव्हती. सचोटीच्या माणसासमोर आपल्याला धीर चढतो, हे मी बँकेतही पाहिलं होतं. कर्ज बुडवणाऱ्याला केबिनमध्ये बसवून चहा, आणि हप्ता दोन दिवस उशिरा भरणाऱ्या शिक्षिकेला काउंटरवरून दटावणी.

तो वाद घालत बसला नाही. मागच्या काचेवर दरांचा एक कागद चिकटवलेला होता, आम्ही पाऊण तास त्याच्या शेजारी बसून आलो होतो. त्याने त्यावर बोट ठेवलं. डावा काठ, 65. बोट खाली सरकलं: पाचव्या प्रवाशापासून, 5.50. आणखी खाली: आगाऊ आरक्षण, 7. मग माझ्याकडे बघितलं. 65 आणि 5.50 आणि 7. 77.50. बॅगांची ओळच नव्हती. आठवडाभर टॅक्सीत तिघांपेक्षा जास्त कधी बसलोच नव्हतो, त्यामुळे पाचव्या माणसाची ओळ आमच्या वाट्याला आलीच नव्हती.

त्या 7 युरोमागेही कारण आहे. पूर्वी बोलावलेली टॅक्सी तुमच्यापर्यंत यायला निघाली की मीटर तिथूनच पडायचा आणि दारात येईपर्यंत किती झालेत याचा नेम नसायचा. 2016 च्या मार्चपासून ते बंद करून सरळ रक्कम ठेवली. आम्ही गेलो तेव्हा ती लगेच बोलावली तर 4, आधी सांगून ठेवली तर 7 अशी होती. प्रवाशाच्या भल्याचा नियम, आणि आम्ही त्यावरूनच त्या माणसाला चोर ठरवलं होतं.

चिरंजीवांनी कार्ड लावलं. ते पहिल्या फटक्यात चाललं. यंत्रातून किर्र करत पावती आली, त्याने ती फाडून दोन्ही हातांनी मला दिली. मी खिशातून अडीच युरोची नाणी काढून पुढे केली. तिथे टिप सक्तीची नाही, पण वरची रक्कम सोडून देतात. त्याने घेतली. मी “सॉरी” म्हटलं, मग “पार्दों” म्हटलं. त्याने मान हलवली, ताईकडे बघून “ओ रव्वार, मादाम” म्हणाला, आणि हिरवा दिवा लावून टॅक्सीच्या रांगेकडे निघून गेला.

पुण्याला आल्यावर तिसऱ्या दिवशी दोन घरांचा हिशेब झाला. दाजींच्या वहीत प्रत्येक खर्चासमोर पावती टाचणीने लावलेली. परतीच्या टॅक्सीसमोर ती लांबट पावती, खाली तक्रारीच्या पत्त्यासकट. जातानाच्या टॅक्सीसमोर काही नव्हतं. मग मी हॉटेलच्या नावाच्या छोट्या पॅडचा कागद घेतला, त्यावर ‘विमानतळ ते हॉटेल, युरो 150 रोख’ असं लिहिलं आणि खाली सही केली.

दाजींनी कागद उजेडात धरून पाहिला. “स्वतःच्या सहीचं व्हाउचर,” ते म्हणाले. “बँकेत पास करायचात का तुम्ही असलं?”

मी म्हटलं, “पन्नास वेळा परत पाठवलंय.”

त्यांनी टाचणी लावली, समोर 70.50 लिहून दोन घरांत वाटले, आणि उरलेले 79.50 माझ्या खात्याला मांडले.